डेस्कटॉप सुरू होत नाही? बिघाड नेमका कुठे आहे ते असं शोधा

'सीपीयू चालू होत नाही' या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी असतात. कधी बटण दाबलं तरी आतला पंखाही हलत नाही. कधी पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी ती काळीच. कधी कंपनीचा लोगो दिसतो आणि मग काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस (ज्यावरून विंडोज सुरू होतं ती डिस्क) सापडत नसल्याची ओळ येते. आणि कधी विंडोजचे ठिपके गोल गोल फिरत राहतात, नाहीतर निळी स्क्रीन येते. पहिल्या दोन तक्रारींत विंडोजचा अजून संबंधच आलेला नसतो. स्क्रीनवर एक अक्षर उमटत नसताना दुकानात कोणी 'फॉरमॅट मारून बघू' म्हणालं, तर मशीन उचलून सरळ घरी यावं.

बटण दाबल्यावर क्रम असा असतो: एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) मदरबोर्डला वीज देतो आणि व्होल्टेज स्थिर झाल्याचा सिग्नल पाठवतो. मग प्रोसेसर जागा होतो. बायोस (मदरबोर्डमध्येच साठवलेला, सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) आधी रॅम तपासतो, नंतर ग्राफिक्स, नंतर डिस्क, आणि शेवटी विंडोजच्या हाती कारभार देतो. मशीन ज्या टप्प्यावर थांबतं, त्या टप्प्यापासूनच शोध सुरू करायचा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चालू करून बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि पीसी चालू झाला, तर काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि पंधरा दिवसांनी तेच दुखणं परत येतं.

लागणारं सामान थोडं आहे: फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, साधा डिजिटल मल्टीमीटर, पांढरा खोडरबर, मऊ ब्रश, एक सीआर-२०३२ सेल (मदरबोर्डवर असतो तो गोल, चपटा सेल) आणि मदरबोर्डवर लावायचा छोटा स्पीकर. हा स्पीकर अगदी स्वस्त असतो आणि मल्टीमीटरइतकाच उपयोगी पडतो. कॅबिनेट उघडण्याआधी पॉवर केबल काढा, पुढचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल, आणि आतल्या वायरिंगचे मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा. आत हात घालण्याआधी दरवेळी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करा. पावसाळ्यात स्थिर विजेचा त्रास कमी असतो, पण हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत ही सवय मोडू नका.

जळका वास आला असेल, आत काळं पडलेलं दिसत असेल किंवा पुराचं पाणी शिरलं असेल, तर 'एकदा चालू करून बघू' हा मोह टाळा.

बटण दाबल्यावर काहीच होत नाही

सुरुवात भिंतीपासून. मोबाइलचा चार्जर चालतो म्हणजे सॉकेट चांगलं, असं समजू नका. चार्जरला वीज फार थोडी लागते, त्यामुळे सैल सॉकेटवरही तो चालून जातो. एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला ठेवून पीसी थेट भिंतीच्या थ्री-पिन सॉकेटला लावा. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देऊ शकतो आणि त्याची बॅटरी म्हातारी झाली की त्याचा भरवसा राहत नाही. मॉनिटरची पॉवर केबल बहुतेक वेळा तशीच असते, ती पीसीला लावून बघा.

एसएमपीएसच्या मागचा स्विच उभ्या रेघेच्या बाजूला दाबलेला हवा. झाडलोट करताना तो बंद होतो आणि मग घरभर शोधाशोध चालते. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा लाल सरकता स्विचही असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून चालू केला तर आवाज होऊन एसएमपीएस जातो.

मग पीसी बंद असतानाच मदरबोर्डचा छोटा दिवा, नेटवर्क केबलच्या जागेचा दिवा किंवा माऊसचा लाल दिवा लागलेला आहे का ते बघा. यातला एखादा लागलेला असेल तर एसएमपीएसचा ५ व्होल्ट स्टँडबाय पुरवठा जिवंत आहे आणि संशय बटणावर जातो. एकही दिवा नसेल तर संशय एसएमपीएसवर. प्रत्येक बोर्डवर हे दिवे असतातच असं नाही, तेव्हा शंका असेल तर चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये जांभळी वायर आणि कोणतीही काळी वायर यांच्यातलं व्होल्टेज मोजा. ५ च्या आसपास यायला हवं.

बटणाची परीक्षा सोपी आहे. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूकडून येणाऱ्या बारीक वायरी मदरबोर्डच्या कोपऱ्यात जिथे लागतात, तिथे पॉवर स्विचच्या दोन पिना असतात. कोणत्या ते मॅन्युअलमध्ये किंवा बोर्डवरच छापलेलं असतं. स्विचचा कनेक्टर काढा, पॉवर केबल लावा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर जोडा. इथे फक्त स्विचचा सिग्नल असतो, शॉक लागत नाही. पीसी चालू झाला तर बिघाड बटणात आहे. नवं बटण मिळेपर्यंत रिसेटची वायर पॉवरच्या पिनांवर लावा, रिसेटचं बटण दाबून पीसी चालू करता येतो.

रिसेटचं बटण धुळीने आत अडकून राहिलं तर मात्र उलटा प्रकार होतो. पंखे फिरतात, पण प्रोसेसर कायम रिसेटमध्ये अडकतो आणि डिस्प्ले येत नाही. रिसेटची वायर काढून बघायला अर्धा मिनिट लागतो.

बटण ठीक असूनही काही होत नसेल तर एसएमपीएस स्वतंत्र तपासा. त्याच्या सगळ्या वायरी मदरबोर्ड, डिस्क आणि ग्राफिक्स कार्डपासून सोडवा. भिंतीचा स्विच बंद असताना चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर वाकवलेल्या पेपर क्लिपने जोडा. वायरी सगळ्याच काळ्या असतील तर कनेक्टरची क्लिप वरच्या बाजूला आणि भोकं आपल्याकडे धरा, वरच्या ओळीत डावीकडून चौथी आणि पाचवी जागा. आता वीज चालू करा. पंखा फिरला तर मल्टीमीटरने पिवळ्या आणि काळ्या वायरीत ११.४ ते १२.६, लाल आणि काळ्या वायरीत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळतात का ते बघा. काही महागड्या एसएमपीएसचा पंखा कमी लोडवर फिरतच नाही, म्हणून पंख्यापेक्षा मीटरवर विश्वास ठेवा.

या परीक्षेत नापास झालेला एसएमपीएस बहुधा खराब असतो, पास झालेला मात्र नक्की चांगला असेलच असं नाही. लोड आल्यावर त्याचं व्होल्टेज कोसळू शकतं, आणि ते समजायला दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघण्यावाचून इलाज नाही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि केबल काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

चालू होतो आणि लगेच बंद पडतो

एक-दोन सेकंद पंखा फिरून बंद पडत असेल तर बहुतेक वेळा कुठेतरी शॉर्ट असतो. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे पुढचे यूएसबी पोर्ट. पेन ड्राइव्ह उलटा दामटून आतल्या पिना वाकतात आणि एकमेकींना टेकतात. पुढच्या यूएसबीची वायर मदरबोर्डवरून काढा आणि चालू करून बघा. असूसच्या बोर्डवर अशा वेळी यूएसबी ओव्हरकरंटची सूचना येऊन पंधरा सेकंदांनी पीसी स्वतःच बंद होतो.

दुसरी जागा मदरबोर्डच्या खाली. बोर्ड ज्या पितळी स्टँडऑफवर बसतो त्यातला एखादा चुकीच्या जागी राहिला किंवा सुटलेला स्क्रू खाली घरंगळला, की बोर्डची मागची बाजू पत्र्याला टेकते. तिसरी जागा प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा कनेक्टर. तो लावायचा राहिला किंवा अर्धवट बसला तर पंखे फिरूनही प्रोसेसरला वीज मिळत नाही.

अर्ध्या मिनिटाने किंवा मिनिटाभराने बंद पडणं हा वेगळा आजार आहे. तिथे कूलर बघा. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर मिळणारा कूलर चार प्लॅस्टिक पिनांवर उभा असतो. पीसी टेम्पोतून हलवला की त्यातली एखादी पिन सुटते, कूलर एका बाजूने उचलला जातो आणि प्रोसेसर तापून मशीन बंद करतो. चारही पिना समोरासमोरच्या जोडीने 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. कूलर काढलाच तर जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावा. एएमडीच्या एएम-४ सॉकेटच्या बोर्डवर कूलर सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवून सैल करा, मग उचला.

पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

दुकानात सर्वाधिक येणारी तक्रार हीच, आणि घरच्या घरी सर्वाधिक सुटणारीही हीच.

आधी मॉनिटर. त्याचा इनपुट योग्य पोर्टवर आहे ना? ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर केबल कार्डाच्या पोर्टला लावायची, मदरबोर्डच्या नाही. आणि कार्ड काढून मदरबोर्डच्या पोर्टवर तपासायचं असेल, तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते आधी बघा. इंटेलच्या १२४००एफसारख्या, 'एफ' अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्ये ते नसतं. रायझन ३६०० आणि ५६०० मध्ये नसतं, ५६००जी मध्ये असतं.

मग रॅम. डिस्प्ले न येण्याचं कारण बहुतेक वेळा रॅम खराब होणं नसून तिच्या सोनेरी पट्टीचा स्लॉटशी नीट संपर्क न होणं हे असतं. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत हा त्रास जास्त. रॅम काढा आणि पट्टीवर दोन्ही बाजूंनी पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा. पट्टीवरचा धुरकट थर जाऊन ती लख्ख दिसेपर्यंतच. पॉलिश पेपर कधीही वापरू नका, सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. खोडरबराचा चुरा बोर्डपासून लांब झटका आणि शक्य असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टी पुसून कोरडी होऊ द्या. स्लॉटमधली धूळ ब्रशने काढा, तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण आत जातात. बसवताना पट्टीतली खाच स्लॉटच्या खाचेवर जुळवून दोन्ही टोकांनी दाबा. बाजूचा खटका आपोआप मिटला पाहिजे. एका टोकाने वर राहिलेली रॅम वरून बघताना बसल्यासारखीच वाटते, म्हणून खाली वाकून बाजूने बघा.

दोन रॅम असतील तर एकेक लावून तपासा. चार स्लॉटच्या बोर्डवर एकटी रॅम सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवायची असते. तिथे एक चालली आणि दुसरी नाही, तर दोषी सापडला. कोणतीच चालली नाही तर दुसरा स्लॉट बघा. डीडीआर-५ या नव्या पिढीच्या रॅमच्या बाबतीत धीर धरा: रॅम बदलल्यावर किंवा बायोस रिसेट केल्यावर पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंग (बोर्डने रॅमशी जुळवून घेणं) चालतं आणि स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. याच वेळात घाबरून पॉवर बंद केली की सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

एवढ्याने भागलं नाही तर मदरबोर्डलाच विचारा. नव्या एमएसआय, असूस वगैरे बोर्डांवर कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क). चालू होताना ते एकामागोमाग लागून विझतात. जो अडकून राहतो, तिथे घोटाळा. दिवे नसतील तर स्पीकर लावा. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्स, न थांबणाऱ्या लांब बीप म्हणजे रॅम. इतर बायोसचे संकेत वेगळे असल्यामुळे बोर्डचं मॅन्युअल बघणं बरं. डेल ऑप्टिप्लेक्समध्ये पॉवर बटणाचाच दिवा ठरावीक वेळा लुकलुकून हे सांगतो.

स्पीकरची एक फार कामाची युक्ती आहे. सगळ्या रॅम काढून टाका आणि पीसी चालू करा. बीप वाजल्या तर प्रोसेसर आणि मदरबोर्ड जिवंत आहेत, रॅम नसल्याची तक्रार करण्याइतपत तरी. काहीच वाजलं नाही तर प्रोसेसर, बोर्ड किंवा एसएमपीएस यांच्यापैकी एकाकडे बोट जातं.

अजूनही गुंता सुटत नसेल तर मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. फक्त एसएमपीएस, प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम एवढंच जोडा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही. डिस्क नको, वायफाय कार्ड नको, पुढच्या यूएसबीच्या वायरी नकोत. पिना जोडून चालू करा. इथे डिस्प्ले आला तर एकेक भाग वाढवत जा. ज्या भागानंतर डिस्प्ले जातो तो भाग बाजूला. बोर्ड बाहेर काढल्यावर प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर आडव्या नजरेने बघून घ्या. डोकं फुगलेला किंवा तपकिरी डाग पडलेला कॅपॅसिटर दिसला तर पुढची खटपट थांबवा.

प्रोसेसर नवाच घातला असेल तर वेगळी शक्यता असते: बोर्डच्या बायोसला तो ओळखताच येत नाही. एएमडीच्या बी-४५० चिपसेटच्या जुन्या बोर्डवर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बायोस अपडेटशिवाय चालत नाही. काही बोर्डांना प्रोसेसरशिवाय पेन ड्राइव्हवरून बायोस भरण्याचं बटण मागे दिलेलं असतं.

बायोस रिसेट करण्याआधी

सीमॉस (बायोसच्या सेटिंग साठवणारी मेमरी) रिसेट करणं सोपं आहे: पॉवर केबल काढून गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवायचा, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना दहा सेकंद जोडायच्या. पण त्यामुळे सगळ्या सेटिंग मूळ पदावर जातात आणि त्यातून नवीच अडचण उभी राहू शकते. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला लावलेलं कुलूप) असेल तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. विंडोज ११ च्या अनेक मशीनवर हे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू झालेलं असतं. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की आहे का ते मोबाइलवरून आधी बघून घ्या. एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या साठवणारी सोय) रिसेट करायचा का असं विचारलं तर की हाताशी येईपर्यंत 'एन' दाबा.

बूट डिव्हाइस सापडत नाही

लोगो आला म्हणजे एसएमपीएस, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स या सगळ्यांनी आपलं काम केलेलं आहे. आधी पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची हार्ड डिस्क काढा. मग डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जा, एचपीवर एफ-१०. डिस्कचं नाव तिथे दिसतं का?

दिसत नसेल तर डेटा केबल बदला, मदरबोर्डवरचा दुसरा साटा पोर्ट (डिस्कची डेटा केबल लागते ती जागा) वापरा, पॉवरची दुसरी पिन लावा. साटा केबल ही किरकोळ किमतीची वस्तू आहे, पण तिच्यामुळे चांगल्या एसएसडी कचऱ्यात गेल्या आहेत. नवी एम-डॉट-टू एसएसडी (केबलशिवाय थेट मदरबोर्डवर बसणारी) बसवल्यावर जुनी डिस्क गायब झाली असेल तर मॅन्युअल उघडा. अनेक बोर्डांवर एम-डॉट-टू स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात.

डिस्क दिसते पण विंडोज येत नाही, आणि बायोसमधली तारीखही चुकलेली आहे? मग सेल संपलाय. रोज रात्री मेन स्विच बंद करणाऱ्या घरांत आणि ऑफिसांत हे हमखास दिसतं: सेल संपला की प्रत्येक सकाळी बायोस मूळ सेटिंगवर येतो. नवा सीआर-२०३२ सेल ३ व्होल्टच्या किंचित वर असतो, २.७ च्या खाली गेला की बदला. मग तीन सेटिंग तपासा. बूट क्रमात विंडोज बूट मॅनेजर पहिला हवा. जुन्या पद्धतीने भरलेलं विंडोज असेल तर लेगसी किंवा सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सेटिंग) चालू हवं. आणि साटाचा मोड आधी होता तोच हवा. तो एएचसीआय या मोडवरून रेड या मोडवर किंवा उलट गेला, तर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असं लिहिलेली निळी स्क्रीन येते आणि लोक कारण नसताना विंडोज नव्याने भरतात.

विंडोज सुरू होता होता अडकतं

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर दुरुस्तीचा एकही पर्याय चालवू नका, चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) तर नाहीच. मरणाऱ्या डिस्कवर तासन्‌तास वाचन-लेखन झालं की उरलेला डेटाही जातो. आधी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) घेऊन, ते इन्स्टॉल न करता नुसतं चालू करून, फायली बाहेर काढा.

डिस्क ठीक वाटत असेल तर विंडोजचा लोगो दिसताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा झालं की रिकव्हरीचा निळा पडदा येतो. नाहीच आला तर दुसऱ्या पीसीवर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्ह बनवा आणि त्यावरून 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' निवडा. ट्रबलशूटमधल्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आधी स्टार्टअप रिपेअर. बिघाड अपडेटनंतर झाला असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकल्यावर झाला असेल तर स्टार्टअप सेटिंग्जमधून सेफ मोड, म्हणजे ४ चा आकडा, आणि तिथे ड्रायव्हर काढून टाका. रिसेट धिस पीसी हा पर्याय शेवटचा. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी टाकलेली सॉफ्टवेअर जातात. टॅली वापरत असाल तर डेटा फोल्डर आधी बाहेर कॉपी करा.

दुकानात जायचं असेल तर

'चालू होत नाही' एवढंच सांगू नका. स्टँडबाय दिवा लागतो का, पंखे किती सेकंद फिरतात, कोणता दिवा अडकतो, रॅम काढल्यावर बीप येते का, हे कागदावर लिहून न्या. दुरुस्तीला टाकताना एसएसडी काढून घरी ठेवा. डिस्प्ले न येण्याच्या तपासणीला तिची गरज नसते.

एसएमपीएस घ्यायचा ठरला तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे बघू नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते १२ ने गुणा. ४५० वॅट म्हणून विकला जाणारा आणि १२ व्होल्टवर १६ अँपिअर देणारा एसएमपीएस त्या लाइनवर प्रत्यक्षात १९२ वॅटच देतो, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड त्याच लाइनवर जगतात. डेल आणि एचपीच्या ऑफिसमधून निघालेल्या सेकंडहँड मशीनसाठी बाजारातला साधा एसएमपीएस घेऊ नका. त्यांचे कनेक्टर बहुधा वेगळे असतात, नेमक्या मॉडेलचाच लागतो.

मदरबोर्ड वॉरंटीत पाठवताना प्रोसेसर काढून सॉकेटवर प्लॅस्टिकचं झाकण लावा, आणि त्याआधी सॉकेटच्या पिनांचा जवळून फोटो काढा. इंटेलच्या बोर्डवर पिना सॉकेटमध्ये असतात, आणि एखादी जरी वाकलेली निघाली तरी वॉरंटी नाकारली जाते. त्या वेळी तुमच्याकडे दाखवायला तोच एक पुरावा असतो.